बेअरिंगची शिट्टी

पंपाला कान लावून बेअरिंग कधी जाणार, हे आमच्या कारखान्यात फक्त फिटरकाकांना कळायचं. नव्या मेंटेनन्स मॅनेजरबाई म्हणाल्या, "काका, हे सगळ्यांना शिकवा." काकांच्या मनात पाल चुकचुकली. महिनाभर त्यांनी वरवरचंच शिकवलं. शेवटी तोंडावरच विचारलं, "सगळे शिकले की मला नारळ देणार ना?"

"आधीच्या कारखान्यात तुमच्यासारखेच एक मिस्त्री होते," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, म्हणून त्यांच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्यांना दवाखान्यातून बोलावून घेतलं. ते अजून मनाला लागून आहे."

काकांचा पुरता विश्वास बसला नाही. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर बेअरिंगवर टेकवला, त्याची मूठ शिकायला आलेल्या वेल्डरबाईच्या कानाशी धरली आणि म्हणाले, "खरखर सोड. तिच्यामागची बारीक शिट्टी ऐक."