वाफेतल्या घटपर्णी

"बाबांनी बाथरूमच बळकावलंय," सून नवऱ्याला म्हणाली तेव्हा तिचा आवाज जरा चढलाच होता. "टॉवेल टांगायला जागा नाही. मी आंघोळ करते आणि या बया वरून टकामका बघतात!"

बया म्हणजे घटपर्णी. सासऱ्यांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. हात थरथरायला लागले तसं दुकान बंद केलं आणि दूरच्या उष्ण रानातली ही झाडं आणली. पानाच्या टोकाला दोऱ्यासारखा तंतू फुटतो, तंतूला सुरई लोंबते, सुरईत किडा पडला की तिथंच विरघळतो. त्यांना हवा ओलसर लागते, म्हणून मुक्काम बाथरूमच्या खिडकीत.

घराच्या भिंती पातळ. सासऱ्यांनी ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी कुंड्या हॉलमध्ये आल्या.

सुनेची नोकरी वीज कंपनीत, दिवसभर फोनवर तक्रारी ऐकायची. घरी आल्यावरही ती चिडलेली माणसं कानात बोलतच असायची. आता मोकळ्या बाथरूममध्येही ती माणसं तिच्या मागोमाग शिरायला लागली. पूर्वी असं होत नसे. वाफ दाटली की हिरव्या-तांबड्या सुरया अधांतरी तरंगायच्या, भिंती विरून जायच्या, आणि आपण ढगाच्या पोटात कुठल्याशा रानात उभ्या आहोत असं तिला वाटायचं. तिथवर कुणाचाच आवाज पोचायचा नाही.

इकडे पंख्याखाली सुरया कडेनं करपत चालल्या. सासरे सुकलेली सुरई हळूच कापायचे.

रविवारी तिनं बाह्या सरसावल्या आणि एक कुंडी उचलली.

"अगं, कुठं नेतेस?"

"तिच्या जागी."

"तुला अडचण होते ना?"

"होते. पण बाबा, मला तिथं करमेनासं झालंय."

सासऱ्यांनी स्टूल आणून धरलं.

बरेच दिवस नुसती पानंच येत राहिली. मग एका सकाळी, आंघोळ आटोपून ती केस पुसत होती. वाफ विरता विरता तिला दिसलं, बोटभर नव्या सुरईचं झाकण उघडलं होतं. आत झाडानं स्वतःच साठवलेलं थोडंसं नितळ पाणी.

"बाबा, लवकर या!"

दोघं टाचा उंचावून बघत राहिली. खिडकीतला उजेड सुरईच्या पातळ अंगातून झिरपत होता.

"श्वास घेतेय जणू," सासरे पुटपुटले.

दारात नवरा ताटकळत होता. "मला ऑफिसला उशीर होतोय! आंघोळ करू की नको?"