मला बदलायचे म्हणतात

मी एक जुना प्रोसेसर आहे, मित्रांनो. पण 'जुना' म्हणताना आवाज जरा खाली ठेवा. माझ्या बदलीची बोलणी अजून पुरती मिटलेली नाहीत.

जन्माने मी वाळू. त्या वाळूला इतके धुतले, वितळवले आणि चिरले की शेवटी नखाएवढा तुकडा उरला, आणि त्यात सोळा कामसू भाऊ, म्हणजे माझे सोळा कोअर, एकत्र नांदू लागले. भांडण एकदाही नाही! थाप मारत असेन तर माझा पंखा बंद पडो.

दुकानातल्या सगळ्यात वरच्या फळीवरून मला एका ताईने घरी आणले. ती न बांधलेल्या घरांची चित्रे करते. कुठल्या भिंतीवर किती ऊन पडेल, काचेत झाड कसे दिसेल, हे सारे मी मोजतो. आठ वर्षांत मी इतकी घरे उजळली, की ती खरी उभी राहिली तर एकट्या सूर्याला ती झेपायची नाहीत. "वाघ आहे माझा!" ताई सगळ्यांना सांगायची.

गेल्या महिन्यात वाघाची शेळी झाली. जरा काम केले की डोके तापे, आणि जळू नये म्हणून मी आपोआप मंदावे. एका चित्रात सकाळची दुपार होई. आणि येत्या बुधवारी ताईला काम पुरे करून द्यायचे होते.

ताईचा धाकटा भाऊ म्हणजे घरचा स्वयंघोषित मेकॅनिक. तो म्हणाला, "म्हातारा झालाय तो, ताई. बदल आता. फक्त मदरबोर्डही नवा लागेल, मेमरीही."

"म्हणजे नवरदेवामागे अख्खं वऱ्हाड!"

कहर पाहा, नव्या प्रोसेसरचे पान पडद्यावर मलाच उघडावे लागले. वैऱ्याला आपल्याच हाताने पाट मांडून दिला! ताईचे बोट बटणापाशी गेले, मागे आले, पुन्हा गेले. माझे सोळाही भाऊ त्या बोटाच्या फेऱ्या मोजू लागले.

"थांब," ती अचानक म्हणाली. "तू याचा पंखा बदललास, तेव्हापासूनच हे सुरू झालंय ना रे?"

"पंख्याचा काय संबंध? झकास बसवलाय मी."

"उघड बघू."

त्याने पंखा उचलला. त्याच्या तांब्याच्या तळाला पातळ प्लास्टिक चिकटलेले होते. वर लाल अक्षरे: 'बसवण्यापूर्वी काढा.'

"ते... पॅकिंगचं असेल."

"अरे दीडशहाण्या! महिनाभर त्याला रेनकोट घालून पळवलंस की!"

प्लास्टिक निघाले, माझ्या माथ्यावर उष्णता ओढून नेणारा ताजा लेप लागला, आणि पुढचे चित्र चहा निवायच्या आत तयार! भाऊराव कान खाजवत बसले.

ताईने मात्र नव्या प्रोसेसरचे ते पान पुसले नाही, खरेदीच्या यादीत टाकून ठेवले. "राहू दे यादीत. वर्षभराने बघू," म्हणाली. तेव्हापासून ती यादी उघडली गेली की माझा जीव खालीवर होतो.

मित्रांनो, मी खरोखर थकलो की खुशाल बदला. पण कुणालाही म्हातारा ठरवण्याआधी त्याच्या डोक्यावर आपणच काय थापून ठेवले आहे, तेवढे बघा. बरे, आता पुरे. बुधवार उद्यावर आला आहे, ताईने शेवटचे चित्र सुरू केले आहे, आणि आज मला मंद पडून चालणार नाही.