कोबीचा वास

क्लॅरी हॉकिंगच्या अंगाला कोबीचा वास येत होता. साधासुधा नव्हे, उकडून दोन दिवस झाकून ठेवलेल्या कोबीचा. साबणानं घासून घासून म्हातारा लालबुंद झाला, पण वास काही हटेना. शनिवारी गावच्या हॉलमध्ये नाच असे. तिथं डल्सी पेंगेलीनं त्याच्याबरोबर जेमतेम अर्धी फेरी मारली आणि पाय मुरगळल्याचं सांगून खुर्ची गाठली. पुढच्याच गाण्याला त्याच पायावर ती दुसऱ्याबरोबर गिरक्या घेत होती.

एरवी हे ऐकून मेरिन, म्हणजे क्लॅरीची लेक, पोट धरून हसली असती. पण तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शहरातली नोकरी सोडून ती गाई सांभाळायला परत आली होती, आणि बापानं एक महिना चाऱ्याचं काम तिच्या हाती दिलं होतं. महिन्यात दुधातलं प्रोटीन ठरलेल्या खुणेपर्यंत वाढलं तर ते काम कायमचं तिचं. नाहीतर पुन्हा जुना चारा, आणि मेरिन पुन्हा शहरात. महिना सोमवारी संपत होता, आणि दूध कंपनीच्या मेसेजमधला प्रोटीनचा आकडा जागचा हलत नव्हता.

"कॅनोलाची पेंड कमी केलीस तेव्हाच म्हटलं होतं मी," रविवारी न्याहारीला क्लॅरीनं सुरुवात केली. "एवढ्या दुधाच्या गाई. त्यांना प्रोटीन भरपूर नको?"

"बाबा, कापडाचे तागे कितीही आण, बटणं संपली की सदरे शिवणं थांबतं. आपल्या गाईंकडे कापड रग्गड आहे. मेथिओनिन नावाचं एक अमिनो आम्ल आहे, ते आपलं बटण. तेच कमी पडतंय."

"मग दिलीस ना बटणं गोळ्यांतून? कुठे आहेत सदरे?"

मुरघास, मका, चारा मिसळायच्या यंत्राचा वजनकाटा, सगळं मेरिननं तपासलं होतं. सगळं चोख होतं. उरल्या होत्या फक्त त्या गोळ्या, म्हणून टोस्ट अर्धा टाकून ती चाऱ्याच्या शेडकडे निघाली. बापही लगबगीनं तिच्या मागोमाग आला.

शेडचं दार उघडताच कोबीचा भपकारा आला. बार्ली भरडायच्या यंत्राखाली पांढऱ्या भुकटीचा ढीग होता.

"हे काय आहे, बाबा?"

"तुझ्या गोळ्या. चाऱ्यात घालायचं काम माझं ना? रोज भरडूनच घालतो मी, तू यायच्या आधी," क्लॅरी ऐटीत म्हणाला. "दगडासारख्या होत्या. आपल्याकडे अख्खा दाणा कधी गाईच्या तोंडी गेलाय का? तुझ्या लक्षात राहिलं नाही, म्हणून मीच करून टाकलं."

मेरिन पोत्यावर मटकन बसली.

"बाबा, त्या गोळ्यांना चरबीचं कवच असतं. गाईच्या पहिल्या पोटात कोट्यवधी जंतू टपून बसलेले असतात. कवच फुटलं की ते सगळं मटकावतात, गाईला काही लाभतच नाही. आणि आतला माल हवेला उघडा पडला की..." तिनं त्याची टोपी काढून हुंगली. "की असा वास मारतो."

क्लॅरीनं स्वतःची बाही नाकाशी नेली.

"म्हणजे डल्सीचा पाय..."

"ठणठणीत आहे."

मग मात्र मेरिनला आवरेना. ती पोत्यावरून घसरून खाली आली, हसताना तिला दम लागला, आणि बाप आधी रागावला, मग खुदखुदला, मग यंत्राला धरून खो खो हसत सुटला. कुंपणाशी गाई रवंथ थांबवून बघत राहिल्या.

हसू ओसरल्यावर मेरिन हळूच म्हणाली, "पण महिना तर उद्या संपतोय."

क्लॅरी शब्दाचा पक्का, सगळा गाव जाणून होता. त्यानं टोपी झटकली. "जो मी भरडला, तो महिना तुझा कसा? आजपासून मोज."

पुढच्या आठवड्यात आकडा हलला, मग सरळ वरच चढायला लागला. ज्या सकाळी तो ठरलेली खूण ओलांडून गेला, त्या सकाळी मेरिन मोबाइल नाचवत गोठ्याबाहेर पळाली, वाटेत एका गाईच्या कपाळाचा मुका घेतला आणि घसरून थेट शेणात बसली. मोबाइल तेवढा वर धरला होता. क्लॅरीनं तो घेतला, लांब धरून वाचला, पुन्हा वाचला आणि पाठ वळवली. हा आता सगळं श्रेय हवामानाला देणार, असं तिला वाटलं.

त्यानं पेंडवाल्याला फोन लावला.

"नॉर्म, क्लॅरी बोलतोय. यापुढे चाऱ्याचं जे काही असेल ते मेरिनला विचारायचं. नाही, आजारी नाहीये मी. मला त्यातलं कळत नाही, तिला कळतं."

शेणात बसल्या बसल्याच मेरिनला रडू फुटलं.