उलटवलेला कोट

काकूंनी तो कोट ढिगातून ओढून काढला, तेव्हा जुन्या कपड्यांचा दुकानदार हसायलाच लागला.

"काकू, पुरुषाचा आहे हो तो! आणि पुरुषही असा की तुमच्यासारख्या दोघी आत मावतील."

"मला मेलीला कापड हवंय," काकू म्हणाल्या. "पुरुष नकोय."

कोटाची दशा बघवत नव्हती. कडा झिजून पांढुरक्या झालेल्या, कोपरांवर कापड चकाकायला लागलेलं, कॉलरवर कुणाच्या तरी मानेचा जुना मळ. दुसरं कुणी असतं तर नाक मुरडून पुढे गेलं असतं. पण काकूंनी अस्तराची उसवलेली कड बोटानं वर केली, आत डोकावलं आणि त्यांचा चेहरा खुलला. आतून कापड अगदी कोरं होतं. दाट लोकरीचं, गडद निळं. बाहेरच्या अंगाला ऊन-धूळ काय खायची ती खाऊन गेली होती. आतल्या अंगाला कुणाचा हातसुद्धा लागला नव्हता.

ज्यांचा जन्म शिवणात गेला त्यांना हे सांगायला नको, तुम्हाआम्हाला सांगायला हवं. असा कोट उलटवता येतो. म्हणजे सगळा उसवायचा, तुकडा न् तुकडा वेगळा करायचा, धुवायचा, आणि आतली बाजू बाहेर आणून पुन्हा शिवायचा. काम महा जिकिरीचं. हल्ली कोण करतंय? वेळ आहे कुणाला? काकूंना होता. सकाळ झाली की दिवसभराचा वेळ त्यांच्यापुढे येऊन बसायचा आणि उठायचं नाव घ्यायचा नाही.

एवढी उठाठेव कशासाठी, तर धाकट्या भावाचा फोन आला होता. तो दूर दुसऱ्या शहरात, बायकोबरोबर. मुलीचं लग्न होऊन ती सासरी गेलेली.

"ताई, वरची खोली रिकामीच आहे आता," तो म्हणाला होता. "किती दिवस एकटी राहणार तू तिकडे? पुढच्या महिन्यात कामासाठी तुझ्या गावावरूनच जायचंय मला. तुला एकदा डोळ्यांनी बघतो, मग ठरवू काय ते."

मग ठरवू! त्या दिवसापासून काकूंचा जीव टांगणीला लागला. कारण, लपवाछपवी कशाला करायची, त्यांना जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं. यजमान गेल्यापासून घर इतकं गप्प झालं होतं की फ्रिजची घरघर थांबली तरी त्या दचकायच्या. रेडिओवर बातम्या लागोत, जाहिराती लागोत, नाहीतर कुणाचं भाषण, त्या बंद करायच्या नाहीत. कुणीतरी बोलत असलं म्हणजे झालं. पोळी खाताना समोर माणूस हवं, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि ते त्यांनी आजवर कुणाजवळही तोंडातून काढलं नव्हतं.

पण जायचं ते कसं? काकूंच्या लहानपणी त्यांची एक आत्या अशीच राहायला आली होती. विटकी शाल, शिवणीत फाटलेली पिशवी आणि चेहऱ्यावर कायमचं 'मला सांभाळून घ्या'. आई वाईट नव्हती हो, पण आत्याच्या कपात चहा ओतताना तिचा हात आखडायचा, ते काकूंनी रोज पाहिलं होतं. भावजयीच्या दारात आपण तसं जायचं नाही. माणूस म्हणून जायचं, ओझं म्हणून नाही. भावानं पाहिलं की त्याला वाटलं पाहिजे, ही बाई आपल्याकडे आली तर घराला शोभा येईल. आणि काकूंच्या कपाटात तर बाहेर घालायला एक धड कपडा नव्हता. सगळा जन्म दुसऱ्यांचे कपडे शिवून त्यांना नटवण्यात गेलेला, स्वतःचं राहून गेलं.

म्हणून हा कोट. एकच, पण असा की कशावरही चालेल, कुठेही घालून जाता येईल, आणि बघणारा दोन पावलं मागे सरून बघेल.

ब्लेडनं एकेक टाका सोडवत काकू खिडकीशी बसायच्या. शिवणींच्या घडीत साठलेली धूळ ब्रशनं झाडली. प्रत्येक तुकड्यावर खडूनं खूण केली, नाहीतर बाही कुठली न् पाठ कुठली, सगळाच गोंधळ. धुऊन, वाळवून, ओलं फडकं अंथरून इस्त्री फिरवली, तेव्हा निळा रंग असा वर आला की काकू आपल्याशीच "अगंबाई!" म्हणाल्या. घरात दुसरं कुणी म्हणणारं नव्हतं.

उलटवलेल्या कोटाची एक गंमत असते. डाव्याचं उजवं होतं. पुरुषाच्या कोटाला बटणांची काजं डाव्या अंगाला असतात. उलटवला की ती उजवीकडे येतात, म्हणजे बरोब्बर बायकांच्या कोटासारखी. एवढं काम आपसूक झालं. पण छातीवरचा खिसाही उजवीकडे गेला, आणि जाणकार माणूस तेवढ्यावरून चोरी पकडतो. काकू कसल्या ऐकतात! कोटाच्या खालच्या घडीतून धागे ओढून काढले आणि खिशाची चीर अशी रफू केली की नंतर त्यांची त्यांनाच सापडेना. कोपरांना आतून त्याच कापडाचे तुकडे दिले. खांदे आत घेतले, बाजू कापल्या, लांबी गुडघ्यापर्यंत आणली.

सगळं झालं, अडलं ते पाठीशी. आयुष्यात किती जणींच्या पाठीला टाचण्या लावल्या असतील, त्याला गणती नाही. पण स्वतःच्या पाठीला स्वतः कशी लावणार? हात मागे नेला की खांदा वर होतो, खांदा वर झाला की माप चुकतं. आरशाला पाठ करून, मान मुरडून, हातात छोटा आरसा धरून काकूंनी सगळे प्रकार केले. शेवटी मट्कन खुर्चीत बसल्या. त्यांना एकदम रडू फुटलं. पाठीला टाचणी लावायलासुद्धा माणूस आपल्याला नाही!

तेवढ्यात बेल वाजली. वीज मीटर बघणारा आला होता. पिकल्या मिशांचा, खांद्याला पिशवी लावलेला.

"काकू, मीटर कुठंय?"

"मीटर काही पळून जात नाही," डोळे पुसत काकू म्हणाल्या. "आधी इकडे या. ह्या टाचण्या धरा."

"मी?"

"मग दुसरं कोण दिसतंय तुम्हाला इथे?"

जिवंत तारेला हात लावावा तसा तो बिचारा श्वास रोखून पाठीमागे उभा राहिला.

"मधल्या शिवणीपाशी दोन बोटं आत घ्या. दोन म्हटलं मी, चार नाही! मला श्वास घ्यायचाय अजून."

"अहो, टोचली तर?"

"टोचली तर ओरडेन. लावा तुम्ही."

लावल्या त्यानं. वाकड्यातिकड्या, पण लावल्या. मग घाम पुसून मीटर बघायला गेला आणि तिथूनच म्हणाला, "वीज फारच कमी जळते हो तुमची."

"एकटीला किती लागणार?" काकू म्हणाल्या. त्याला चहा विचारावा म्हणून त्या वळल्या, तोवर तो पुढच्या घरी गेलासुद्धा होता.

भाऊ आला त्या दिवशी काकू बसस्टँडवर वेळेच्या कितीतरी आधी जाऊन उभ्या होत्या. गाडी आली, माणसं उतरली, भाऊही उतरला, आणि इकडेतिकडे बघत त्यांच्या अंगावरून सरळ पुढे निघून गेला.

"अरे बाळ्या!"

तो गर्रकन वळला. "ताई? अगं, मला वाटलं कुणी मोठ्या साहेबीणबाई उभ्या आहेत!" त्यानं काकूंच्या भोवती चक्क एक फेरी मारली. "काय कोट आहे! केवढ्याला घेतलास?"

"तुला काय करायचंय?" काकू म्हणाल्या. सुखानं त्यांचे कान गरम झाले होते.

"घरी चल ना बाळ्या. स्वयंपाक करून ठेवलाय."

"वेळ कुठे आहे गं? काम उरकून परत निघालोय, पुढची गाडी लगेच आहे. इथेच चहा घेऊ."

म्हणजे घर त्यानं पाहिलंच नाही. ती खुर्ची नाही, तो रेडिओ नाही, काही नाही. पाहिला तो कोट. आणि कोट अंगावर असल्यानं काकूंची जीभही कोटासारखीच बोलायला लागली. काम इतकं आहे म्हणाल्या, की गिऱ्हाइकांना परत पाठवते. शेजारपाजारचे दिवसभर आत-बाहेर, नुसता उच्छाद मांडलाय मेल्यांनी. तब्येत? ठणठणीत. मी कुणाला काही करायला लावणार नाही, माझं मी बघते. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. त्यांना म्हणायचं होतं, मला घेऊन चल, मी जड होणार नाही. ऐकणाऱ्याला ऐकू काय आलं, ते देव जाणे.

भावाचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. त्यानं बशी बाजूला सारली.

"ताई, जीव भांड्यात पडला बघ माझा. खरं सांगू? मी मनाशी ठरवूनच आलो होतो, जरा जरी हाल दिसले ना, तर तुझं काही ऐकायचं नाही, ह्याच गाडीत घालून न्यायचं. दोन तिकिटंही काढून ठेवलीत." तो हसला. "आता एक परत करावं लागणार. तुझं इथे एवढं छान चाललंय, तुला तिथे नेऊन उगाच कोंडून कशाला घालू? ती खोली एक नर्सबाई मागतायत कधीच्या. तुझ्यासाठी अडवून धरली होती."

काकूंनी कप खाली ठेवला.

अहो, बोला ना काकू! एक शब्द बोलला असतात तरी काम झालं असतं. पण त्यानं तोवर फोनही लावला होता. "हॅलो, अगं, ताई एकदम मजेत! ओळखूच आली नाही मला. हो, सांगून टाक नर्सबाईंना. घे, तूच बोल."

"ताई," पलीकडून भावजय म्हणाली, "मी पडदे लावले होते हो खोलीला. तुमचं मशीन खिडकीच्या कुठल्या अंगाला ठेवायचं, तेही ठरवून ठेवलं होतं. मला वाटलं होतं, आता घरात बोलायला कुणीतरी येईल. पण हे म्हणतायत तुमचं तिकडे छान चाललंय. खरंच का हो?"

समोर भाऊ बसला होता. पोरगा परीक्षेत पास झाल्यासारखा, डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. आपली ताई कुणासमोर हात पसरणारी नाही, याचा केवढा अभिमान त्या चेहऱ्यावर! तो पुसून टाकायचा काकूंना धीर झाला नाही.

"हो गं," त्या म्हणाल्या. "खरंच."

गाडी लागली. भावानं वाकून नमस्कार केला आणि वर चढून खिडकीशी बसला. त्याच्या शेजारची जागा मोकळीच होती. काकू दाराशी उभ्या राहिल्या. निळा कोट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, ताठ पाठ. कंडक्टरनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अदबीनं दार धरून ठेवलं.

"या बाई, चढा लवकर. एक जागा आहे."

"नाही हो," काकू म्हणाल्या. "मी भावाला पोचवायला आलेय."