शेडमध्येच ठरलेली गोष्ट

उद्योगांची मोजणी करणाऱ्या सरकारी कार्यालयात तिला सगळे एककबाई म्हणत. कारण कुठलीही मोजणी सुरू झाली की ती विचारायची, "पण 'एक उद्योग' म्हणजे नेमकं काय धरायचं?" आवाज इतका मऊ, की समोरच्याला आधी काही वाटतच नसे. डोकं दुखायला लागे ते दुपारनंतर.

या वेळचं दुखणं बुटांचं होतं. देशोदेशी पसरलेल्या एका मोठ्या समूहाची एक शेड गावाच्या टोकाला होती. कागदोपत्री त्या एका शेडमध्ये तीन कंपन्या नांदत: एक सोल पाडायची, दुसरी बुटाचा वरचा भाग, म्हणजे अप्पर, शिवायची, तिसरी खोक्यात भरायची. तिन्ही छोट्या. आणि नगरपालिकेचा नियम असा, की आकडेवारीत मोठा उद्योग दिसला तरच त्या भागाला पाळणाघर.

एककबाईची नणंद तिथेच शिलाईवर होती. सासूबाईंच्या गुडघ्यांनी हात टेकल्यापासून नणंदेची तान्ही मुलगी आईबरोबर शेडमध्ये जायची. तिथे तिचं काय होतं, असं विचारलं की नणंद म्हणायची, "होतं गं काहीतरी."

"साहेब, माझी नणंद तिथे कामाला आहे, हे आधीच सांगते," एककबाई म्हणाली.

"म्हणजे तुम्हाला रस्ता माहीत आहे," साहेब म्हणाले. "तुम्हीच जा. एकच बघायचं. स्वतःचे निर्णय स्वतः घेतो, तो उद्योग. तीन कंपन्या मिळून एकत्र निर्णय घेत असतील, तर तिघी मिळून एक."

ती गेली. शेडमध्ये जमिनीवर पिवळ्या रेघा मारल्या होत्या. रेघ ओलांडली की कंपनी बदलायची. मॅनेजर मात्र तिन्हींना मिळून एकच होता. त्याच्या खिशात तीन बिल्ले असत आणि रेघ ओलांडताना तो न चुकता बिल्ला बदलायचा. बाया त्याला तीनबिल्ले म्हणत, तोंडावरसुद्धा.

"सोलचा रंग कोण ठरवतं?" एककबाईने विचारलं.

"वरून येतं, मॅडम."

"माल किती काढायचा?"

"वरून."

"तो पंखा बंद का आहे?"

"त्याचा अर्ज वर गेलाय."

"वर म्हणजे कुठे?"

तीनबिल्लेने छताकडे पाहिलं. माणसं देवाकडे बघतात तसंच, फक्त भरवसा जरा कमी.

मग परदेशातल्या मुख्य कचेरीला पत्र गेलं. उत्तर अगदी सभ्य होतं: "आम्ही बूट बनवत नाही. आम्ही फक्त नाव सांभाळतो. उत्पादनाचं तिथलं तिथेच ठरत असावं."

समितीची बैठक बसली. साहेबांनी चष्मा पुसला. "इथे बूट आहेत, पण निर्णय नाहीत. तिथे निर्णय असतील, पण बूट नाहीत. सबब, उद्योग कुठेच नाही."

"मग माझ्या पायात काय आहे?" कोपऱ्यातले उपसंचालक म्हणाले. ते बूट त्याच शेडमधले होते.

"तूर्तास आयात समजा."

एककबाई कार्यालयातलं घरी बोलत नसे. पण तिच्या न बोलण्यावरूनच नणंदेने ओळखलं.

"आम्ही मोजण्यात बसत नाही वाटतं?"

"अजून ठरायचंय."

"दिवसभर मशीनवर वाकून कंबर मोडते माझी. ती तरी धरा कुठल्यातरी रकान्यात!"

"नणंदबाई, कंबर एकक नाही हो."

"एक रात्र माझ्या पाठीला शेक दे, मग सांग!"

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून एककबाई पुन्हा शेडमध्ये गेली. नणंद मशीनवर होती, पण तान्ही जवळ नव्हती.

"बाळ कुठंय गं?"

"पॅकिंगवाल्यांकडे. आत्ता त्यांची पाळी आहे. जेवणानंतर सोलवाल्या घेतील."

खोक्यांच्या खोलीत गोणपाटाच्या झोळीत तान्ही झोपली होती. आणखी दोन-तीन पोरं रांगत होती. पॅकिंगची एक बाई त्यांना पायाने थोपवत, हाताने खोकी दुमडत होती. म्हणजे तिन्ही कंपन्यांच्या बाया रोज पिवळ्या रेघा ओलांडून आळीपाळीने मुलं सांभाळत होत्या. बिल्ला न बदलता!

"हे कोणी ठरवलं?" एककबाईने विचारलं.

तीनबिल्ले घाईने पुढे आला. "मॅडम, वर कळवू नका."

"वरून नाही आलं हे?"

"वर विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. म्हणून विचारलंच नाही. ह्या बाया, मी, आम्ही सगळ्यांनी मिळून इथेच ठरवलं."

एककबाईने मनातल्या मनात हात जोडले. "पुन्हा एकदा म्हणा," ती म्हणाली.

समितीत वाद झाला, पण जेवणाची वेळ जवळ आली होती. निर्णय बुटांविषयीच हवा, असं व्याख्येत कुठे होतं? माणसं, जागा आणि कामाचे तास यांचा तिघींनी मिळून निर्णय घेतला होता. साहेबांनी मान डोलावली. तीन छोट्या कंपन्या मिळून एक मोठा उद्योग झाला.

आकडे बदलले आणि नगरपालिकेचा माणूस जागा बघायला आला. त्याने झोळी पाहिली, रांगणारी मुलं पाहिली आणि शेरा मारला: "पाळणाघर आधीपासून चालू आहे. नव्याची आवश्यकता नाही."

नणंदेने हे दोनदा ऐकून घेतलं. "म्हणजे पोरं सांभाळतो म्हणून आम्ही मोठे. मोठे म्हणून पाळणाघर मिळणार होतं. आणि पोरं सांभाळतो म्हणूनच ते मिळणार नाही?"

"हो," एककबाई म्हणाली.

"वहिनी, तुला पगार ह्याचाच मिळतो ना?"

एककबाईला त्या रात्री नाम घेतानासुद्धा ते बोलणं आठवत राहिलं. सकाळी ती सरळ शेडमध्ये गेली आणि तीनबिल्लेला म्हणाली, "तुमच्याकडे निर्णय होतो, असं आमच्या दप्तरी लागलंय. रीतसर."

"माझ्याकडे?" तो स्टुलावर बसला. मग त्याने खिशातले बिल्ले काढून बाकावर ठेवले, उठला आणि ओरडला, "खोक्यांच्या खोलीला खिडकी पाडायची! गवंडी बोलवा!"

"वर विचारायचं का?" नणंदेने मशीनवरून टोमणा मारला.

त्याने सवयीने छताकडे पाहिलं. तिथे बंद पंखा लटकत होता.

"नाही," तो म्हणाला. "आणि शिडी आणा. हा पंखा दुरुस्त करून त्या खोलीत लावू."