हौश्याची पाठ

“किसनराव, हे चित्र तुमच्या प्रणालीनंच काढलं न?”

नत्थुजींनी मोबाइल पुढे धरला. अकोल्याच्या कृषी प्रदर्शनात दारातच लावलेला पांढरा गवळाऊ बैल त्यात दिसत होता, माणसाहून उंच छापलेला. खाली प्रणालीचं नाव होतं. किसनरावांना हसू लपवता आलं नाही. पोरीचं कौतुक पंचक्रोशीत पोचलेलं कोणत्या बापाला नको असतं?

“तिनंच काढलं. आपला हौश्या हाय थो.”

“थेच त मी म्हणतो.” नत्थुजींनी चित्र मोठं करून वशिंडाच्या मागे बोट टेकवलं. “आन् हा भवरा?”

प्रणाली रविवारची अमरावतीहून घरी आली होती. चहाचा ट्रे घेऊन ती बाहेर येतच होती, तिनंच उत्तर देऊन टाकलं.

“हायेच न काका तिथं. मी पाहूनच काढला.”

नत्थुजींनी कप उचललाच नाही.

केसांचा भोवरा सगळ्याच जनावरांना असतो. पण वऱ्हाडात बैल घेणारा माणूस आधी दात पाहतो आणि मग पाठीवरून हात फिरवतो. भोवरा कण्यावर मधोमध असला तर बैल घराला लाभतो. बोटभर बाजूला ढळला असला तर घरधनिणीला वाईट, असं मानतात. शेतात ट्रॅक्टर आले, फवारणीला ड्रोन आले, तरी ही समजूत कुठे गेली नाही. हौश्याचा भोवरा ढळलेला होता. आणि प्रणालीची आई, कौशल्या, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली होती. गावाला भोवरा ठाऊक असता तर गावानं विषाणूला केव्हाच निर्दोष सोडलं असतं. म्हणून किसनराव रोज सकाळी तेलाचा हात लावून ते केस उलटे बसवायचे आणि दुसऱ्या कोणाला बैलाला खरारा करू द्यायचे नाहीत. पोरीलाही त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

“माह्या घरी बायको हाय, सून हाय,” नत्थुजी उठत म्हणाले. “मले पटो का न पटो, त्यायच्या जिवाले घोर कायले लावू? राग नका मानू.”

माणूस वाईट नव्हता. त्यांच्या एका पांढऱ्या बैलाला जोडी हवी होती आणि दिवाळीतच हौश्याचं ठरलं होतं. हौश्याचा जोडीदार मेला होता, किसनरावांचे गुडघे गेले होते. बैल चांगल्या घरी लागला की शेत बटाईनं देऊन लेकीकडे अमरावतीला राहायला जायचं, असा बेत होता. बाजारात नेऊन दलालाच्या हाती कासरा देणं त्यांच्याच्यानं होणार नव्हतं. दारात येऊन मागणारं घर मिळालं होतं, ते आता उठून गेलं.

प्रणाली भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या चित्रकलेची सुरुवातच मुळी बारीक पाहण्याच्या खोडीतून झाली होती. अमरावतीला डिप्लोमा करताना बाकीची पोरं माणसांचे चेहरे रंगवायची आणि ही नाकतोड्याच्या पायावरचे काटे काढत बसायची. वर्गात तिचं नाव ‘किडेवाली’ पडलं होतं. “चित्रात भाव कुठे आहे?” असं सर विचारायचे. भाव कुठे ठेवायचा ते तिला कळायचं नाही, पण पंखावरची शीर कुठे वळते ते नेमकं दिसायचं. कोचिंग क्लासमध्ये पोरांना चित्रकलेच्या परीक्षांना बसवून ती पोट भरत होती. अशात प्रदर्शनवाल्यांनी गवळाऊ बैल मागितला आणि तिला आपला नवस फळल्यासारखं झालं.

पण पांढऱ्या कागदावर पांढरा बैल काढायचा म्हणजे काढायचं काय? सावल्या तेवढ्या उरतात आणि केसांची दिशा. तिनं कागदांमागून कागद वाया घालवले. प्रत्येक वेळी पाठ सपाट यायची, चुना मारलेल्या भिंतीसारखी. एक दिवस किसनराव गुडघ्यात सुई घ्यायला तिवस्याला गेले आणि तिनं हौश्याला साबण लावून धुतलं. तेल निघालं. उन्हात केस वाळले तसा वशिंडामागे भोवरा उठून आला आणि तिथून सगळ्या पाठीचे केस कसे वळतात ते तिला समजलं. तिनं बारीक टोकाच्या पेननं केस न् केस काढला. पाठ जिवंत झाली. तिला इतका आनंद झाला की ती गोठ्यात एकटीच हसली होती.

“बाबा, मले काहून नाही सांगतलं?” तिनं विचारलं.

“सांगतलं असतं त काढला नसता काय?”

काढलाच असता, हे तिला माहीत होतं आणि त्याचीच लाज वाटत होती.

“मी काकाले फोन करते,” ती म्हणाली. बाबांशी वऱ्हाडी बोलताना मधूनच तिची शहरातली भाषा निघायची. “सांगते का भवरा मी मनानंच काढला. चित्र बरं दिसावं म्हणून.”

मोह किसनरावांनाही झालाच.

“नको,” ते शेवटी म्हणाले. “उद्या त्यायच्या घरी कोनी आजारी पडलं आन् कोनाचा हात पाठीवर गेला, त सारं ह्याच्यावर येईन. तिथं ह्याची बाजू कोन घेईन?”

“मंग?”

“मंग काय? थो राहीन इथंच. मीही राहीन.”

बातमी गावात फिरली, तशी दुसरी दोन गिऱ्हाइकं आलीच नाहीत. चित्राला मात्र दिवस बरे आले. ते पाहून एका प्रकाशकानं मेळघाटातल्या पक्ष्यांचं पुस्तक प्रणालीला दिलं. ती धारणीच्या जीपमध्ये धक्के खात गेली, रानपिंगळा काढला, सुतार काढला. क्लास सुटला. गावी येणं कमी झालं, आणि अमरावतीच्या खोलीत बाबांसाठी आणलेला पलंग तसाच पडून राहिला.

पोळ्याला मात्र ती आली. किसनरावांनी हौश्याला धुतलं आणि तेल लावलं नाही. तोरणाखाली जोड्यांच्या रांगेत ते एकच बैल घेऊन उभे राहिले. लोकांनी पाठीकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

दाराशी प्रणालीनं बैलाचे पाय धुतले, कपाळाला कुंकू लावलं, पुरणपोळी पुढे केली.

“भवऱ्यालेही लाव,” किसनराव म्हणाले.

“भवऱ्याले?”

“तुही माय दर पोयाले लावे. घरातच, कोनी पाहाच्या आंधी. वासरू तिनंच पसंत केलतं. मी नाही म्हनलं भवरा पाहून, त मलेच हासली.”

प्रणालीनं बोट कुंकवात बुडवलं. तिथला प्रत्येक केस तिनं काढला होता, पण भोवरा उठून आल्यावर त्याला हात कधी लावला नव्हता. बोटाखाली केस गोल फिरत गेले. माशी बसावी तशी हौश्यानं पाठीची कातडी थरथरवली आणि पुन्हा पोळीला तोंड लावलं.