आतून कडी नाही

चांदणीच्या आत शिरायचं म्हणजे आधी श्वास सोडायचा, मग हात वर करायचे आणि मग देवाचं नाव घ्यायचं. पिटुकलीला हे अंगवळणी पडलं होतं. तिचं खरं नाव स्टुडिओत कुणी विचारलंच नाही. चण बारकी, उंची जेमतेम, म्हणून पहिल्याच दिवशी कुणीतरी पिटुकली म्हणालं, ते चिकटलं ते चिकटलंच. चांदणी ही अंतराळातल्या राजघराण्याच्या सिनेमांतली यंत्रदासी. राजपुत्राचं चिलखत पुसायचं, सेनापतीपुढे पेला धरायचा, कुणी खेकसलं की मान खाली घालायची, एवढाच तिचा जन्म. पोरंटोरं तिची चित्रं दप्तरांवर चिकटवायची. आत कोण आहे हे मात्र सिनेमाच्या शेवटी सरकणाऱ्या बारीक अक्षरांतही नसायचं. आवाजसुद्धा दुसऱ्याच बाईचा, मधात बुडवून काढल्यासारखा.

चांदणीला घडवलं होतं पिटुकलीच्या नवऱ्याने. तो स्टुडिओचा साचेवाला. बायकोच्याच अंगावर प्लास्टरच्या पट्ट्या लावून त्याने साचा काढला, फायबरचे भाग ओतले, त्यावर रुपेरी रंग चढवला. दिग्दर्शकाने, म्हणजे सगळ्यांच्या साहेबांनी, कंबर दोनदा कमी करायला लावली होती.

"बाई आहे हे लांबून कळलं पाहिजे," साहेब म्हणाले होते.

"यंत्राला कंबर कशाला?" पिटुकलीने विचारलं होतं, आणि सगळे असे हसले होते की जणू तिने विनोदच केला.

वज्र नावाचा दुसरा यंत्रमानव लंबू करायचा. वज्र लढायचा, विमानं चालवायचा, राजपुत्राला उलट उत्तरंही द्यायचा. त्याच्या पोशाखाला काखेखाली खिट्या होत्या. दृश्य संपलं की लंबू खटाखट खिट्या काढून चहाला पळायचा. चांदणी मात्र समोरून गुळगुळीत हवी होती, म्हणून तिची पाठ मानेपासून कमरेपर्यंत स्क्रूंनी बंद केलेली. आतून हात पोचायचा प्रश्नच नव्हता. शिवाय कमरेपाशी ती वाकायची बेताचीच. गुडघा टेकता यायचा, बसता यायचं नाही.

एकदा जेवताना तिने विषय काढला. "अहो, आतून एक कडी बसवा ना. हाताला लागेल अशी."

"कडी आली की सांधा आला. सांधा दिसला की साहेब माझी खरडपट्टी काढणार."

"वज्राचे सांधे दिसतात ते चालतात?"

"तो बाप्या आहे गं. त्याला शोभतात." साचेवाल्याने भाजी वाढून घेतली. माणूस वाईट नव्हता. तिच्या खांद्यांना वळ उठले की रात्री तेल चोळायचा. "आणि मी असतो ना तिथेच! हाकेच्या अंतरावर."

"नवरा स्वतःच्या हातांनी सजवतो, स्वतःच्या हातांनी उतरवतो," सासूबाई म्हणाल्या. "राणीचं नशीब काढलंस आणि वर कुरकुर."

"वहिनी, तुला किंमतच नाही," धाकटी म्हणाली. धाकटी म्हणजे पिटुकलीची नणंद. चांदणीची सगळी वाक्यं तिला पाठ. आरशासमोर ती हातात ताट घेऊन तशी चालायची, कंबर लचकवत.

पुढच्या आठवड्यात राजसभेचं दृश्य होतं. सभेत पुरुष युद्धाबद्दल बोलणार आणि चांदणी कोपऱ्यात तबक धरून उभी राहणार. सकाळभर ती उभी होती. मग जेवणाची सुट्टी झाली, दिवे विझले. साचेवाला स्क्रू काढायला पुढे आला तेवढ्यात शेजारच्या शेडमधून निरोप आला, यानाचा पंख कोसळलाय, लगेच या.

"आलोच," म्हणाला आणि गेला.

डोळ्यांच्या फटीतून पिटुकलीला समोरचं तेवढं दिसत होतं. माणसं पांगली. जाता जाता कुणीतरी उष्टा कप तिच्या तबकात ठेवला. मग सेनापतीचं काम करणारा नट आला आणि त्याने कोट काढून तिच्या हातावर टांगला. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अहो, पाठ उघडा कुणीतरी!" ती ओरडली. आवाज डोक्याच्या आतच घुमला. पाठीच्या फटीशी कान नेला तरच शब्द कळायचे. बाहेर नुसती गुणगुण गेली असावी, कारण मेकअपवाली बाई थांबली आणि चांदणीच्या गालावर टिचकी मारून म्हणाली, "बघा, आमची चांदणी सुट्टीतही ड्यूटीवर!" आणि हसत निघून गेली.

घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला मुखवट्याच्या आत हात पोचत नव्हता. श्वास भरून घ्यायला जावं तर छाती फायबरला अडायची. जितकं घाबरावं तितका श्वास हवा, आणि जितका श्वास घ्यावा तितका साचा आवळणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पडलो तर आपलं आपण उठता येणार नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती पाय रोवून उभी राहिली. घरी, इथे, सगळीकडे आपण अशाच उभ्या असतो, असं तिला वाटून गेलं आणि मग तेही वाटेनासं झालं.

साचेवाला आला तेव्हा त्याच्या मिशीला भाताचं शीत होतं. "अगं, त्यांनी आग्रहच केला. दोन घास खावेच लागले."

पाठ उघडली तशी ती त्याच्या अंगावर कोसळली. त्याने तिला सावरलं, खाली बसवलं, पाणी दिलं. मग चांदणीच्या हातावरून बोट फिरवत म्हणाला, "कोटाचं बटण घासलं वाटतं. रंग गेला बघ."

तिने पाण्याचा पेला पुन्हा पुढे केला.

महिन्याभरात नव्या भागाचं वाचन झालं. लेखक हसतमुख गृहस्थ. शेवटी राजपुत्र दोन्ही यंत्रांना मुक्त करतो, त्याने सांगितलं. वज्र स्वतःचं यान घेऊन ताऱ्यांकडे निघतो. चांदणीच्या गळ्यातला दासीपट्टा राजपुत्र काढून टाकतो, तेव्हा ती गुडघ्यावर बसते, पट्टा उचलते आणि परत गळ्यात घालते. म्हणते, तुमची सेवा हेच माझं आकाश.

"वा!" साहेब म्हणाले.

"तिला कुठे जावंसं नाही का वाटणार?" पिटुकलीने विचारलं.

लेखक गोंधळला. "कुठे जाणार ती? एकटी?"

"वज्र जातोच की."

"वज्राची गोष्ट वेगळी. आणि हे बघ, तुझा चेहरा थोडाच दिसणार आहे? तू कशाला मनाला लावून घेतेस?"

लंबू पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला.

दृश्याच्या दिवशी राजपुत्राने पट्टा काढला. तो पायरीवर खणकन पडला. आता वाकायचं होतं. पिटुकलीने वाकायचं ठरवलंही होतं, पण पाय वळले. ती महालाच्या पायऱ्या उतरली, कॅमेऱ्याच्या बाजूने गेली आणि शेडच्या उघड्या दारातून अंगणात आली.

"कट! अरे, ही निघाली कुठे?" मागून साहेबांचा आवाज आला.

बाहेर लख्ख ऊन होतं. चार पावलं तिला फार हलकं वाटलं. मग लक्षात आलं की जायचं कुठे? फाटकावरच्या रखवालदाराने हसून सलाम ठोकला. तिने भिंतीला पाठ लावली आणि घासली, पुन्हा घासली. स्क्रू निघणार थोडेच! रुपेरी रंगाचा भुगा तेवढा खाली पडला.

साचेवाला धावत आला. त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. तिला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं.

"उघडा हो लवकर."

तो मागे उभा राहिला. स्क्रू फिरल्याचा आवाज मात्र येईना.

"आधी आत चल," तो हळूच म्हणाला. "साहेब भडकलेत. दृश्य कर, माफी माग. मग उघडतो."

"आधी उघडा."

"उघडलं की तू परत आत शिरायची नाहीस. मी ओळखत नाही का तुला? माझीही नोकरी आहे गं."

त्याचा हात तिच्या पाठीवर होता. फायबरमधून तो जाणवत नव्हता, फक्त ठेवल्याचा आवाज आला होता. उन्हाने आतली हवा तापू लागली. मग ती वळली, आत गेली, गुडघा टेकला, पट्टा उचलला आणि गळ्यात घातला. हात थरथरत होते.

सेटवर टाळ्या पडल्या. "काय भाव आले!" साहेब म्हणाले. "पत्र्यातून भाव आले, पत्र्यातून!"

संध्याकाळी तिने घरी सांगितलं, "मी पुन्हा चांदणीत शिरणार नाही." साचेवाल्याने मान खाली घातली. सासूबाई म्हणाल्या, "डोक्यात हवा गेली." धाकटीचे डोळे मात्र लकाकले.

"मग मी जाऊ, दादा?"

"नको गं बाई," पिटुकली म्हणाली. "मी सांगते ना, नको."

"तुला मिळालं म्हणून तुला नकोसं झालं, वहिनी. मला एकदा तरी मिळू दे की!"

धाकटीची चणही बारकी होती. साचेवाल्याला फक्त खांदे थोडे सैल करावे लागले. पिटुकलीने कडीचा विषय पुन्हा काढला आणि पुन्हा तेच उत्तर मिळालं. तेव्हा तिने साहेबांकडे मदतनिसाचं काम मागितलं. चांदणीची पाठ उघडायची, लावायची. साहेबांनी हसून हो म्हटलं. त्यांना वाटलं, आली वठणीवर. तिला वाटलं, निदान कुणीतरी मागे असावं.

पहिल्या दिवशी ती एकेक स्क्रू फिरवत होती आणि आतून धाकटी कुजबुजत होती, "घट्ट कर गं, कंबर सैल दिसेल."

दुपारी सुट्टी झाली. पिटुकली स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढे झाली तर धाकटीने मान हलवली.

"राहू दे. साहेब म्हणाले, बंदच ठेव, जेवणानंतर लगेच पुढचं दृश्य घ्यायचंय. लंबूला सांगत होते, ही नवी मुलगी तक्रार करत नाही."

"पाणी तरी पी."

"नको. सवय होऊ दे मला."

पिटुकलीने हट्टाने एक स्क्रू सोडवला. धाकटी जागच्या जागी वळली आणि पाठ तिच्यापासून दूर केली. "वहिनी, पाया पडते. माझं काम घालवू नकोस."

साचेवाल्याने दारातून हाक मारली, "चल, जेवून घेऊ. ती राहील उभी."

पिटुकली गेली नाही. तिने एक स्टूल ओढलं आणि चांदणीच्या मागे बसली. आतून श्वासाचा आवाज येत होता, आखूड, लगबगीचा. हातातला स्क्रूड्रायव्हर घामाने निसरडा झाला होता. तो तिने पदराला पुसला आणि तशीच बसून राहिली.